मेश्रामबाई आणि उन्हात गळणारं छप्पर

मेश्रामबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी दाराबाहेर बूट काढले, बाप्यांची असते तशी लांब काळी छत्री बाथरूममध्ये उभी केली आणि ओल आलेल्या भिंतीकडे ढुंकूनही न बघता मला विचारलं, "या खोलीत झोपतं कोण?"

मी पुण्याची. समोरच्याचा प्रश्न मुळात बरोबर आहे का, हे तपासल्याशिवाय आम्ही उत्तर देत नाही. मी म्हटलं, "अहो, गळतंय ते छत. झोपणाऱ्याचा काय संबंध?"

"संबंध आहे नं, वहिनी. झोपणाऱ्याला पाणी कधी येते ते माहीत असते. बाकीच्यांना फक्त डाग माहीत असतो."

झोपायची आमची सई. तिला हाक मारली. ती कानातून हेडफोन न काढता म्हणाली, "ओन्ली व्हेन रेन ऑल डे, आंटी. शॉर्ट रेन नथिंग वन ला." म्हणजे दिवसभर पाऊस लागला तरच गळतं. मी तिच्यावर डोळे वटारले, कारण महिनाभर मी डोकं आपटत होते आणि ही बया मला एक शब्द बोलली नव्हती. मेश्रामबाई मात्र खूश. "पाहा, अर्धं काम पोरीनेच केलं," म्हणाल्या आणि चहा मागितला. सांगून ठेवते, मागितला. आम्ही विचारायची वाट बघितली नाही. नागपूरकडची माणसं अशीच, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला तो आगाऊपणा वाटला.

ही गेल्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा सिंगापुरात बुकित तिमाहला एका जुन्या, बुटक्या कॉन्डोत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. चार मजले, लाल कौलांचं उतरतं छप्पर आणि छपराच्या कडेला, बाहेरून दिसू नये म्हणून बुटक्या भिंतीमागे लपवलेली पत्र्याची लांब पन्हळ. सिंगापूरला हिवाळा नाही असं लोक म्हणतात. मी म्हणते, आहे. डिसेंबर आला की आभाळ खाली येतं, दिवसचे दिवस बारीक पाऊस लागून राहतो, टॉवेल वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी येते आणि जुन्या इमारती गळायला लागतात. हाच इथला हिवाळा.

मेश्रामबाई मूळच्या नागपूरच्या, सिव्हिल इंजिनिअर. इथे इमारतींचे दोष शोधून देणाऱ्या एका कंपनीत होत्या आणि क्वीन्सटाउनला एका फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. मिस्टर नागपुरात सरकारी नोकरीत, मुलगा बंगळुरात. वय पन्नाशीच्या पुढे, बांधा आडवा, आवाज खणखणीत. कामावर कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हनुवटीखाली नाडी बांधलेली टोपी. वैशाख पौर्णिमेला मात्र पांढरीशुभ्र साडी नेसून विहारात जायच्या आणि येताना डबाभर खीर घेऊन आमच्याकडे. खीर अशी, की आमच्या ह्यांनी एकदा डबा बोटाने पुसून खाल्ला. मी लाजेने मेले, मेश्रामबाई खो-खो हसल्या.

विनय हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. "गळती शोधण्यात माझ्यासारखी या बेटावर दुसरी नाही," हे त्या, भाजीत मीठ कमी आहे, इतक्या सहज सांगायच्या. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. बाईने स्वतःबद्दल असं बोलायचं नसतं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. एकदा मी बोललेच, "लोकांना म्हणू दे की, तुम्ही कशाला म्हणता?" त्या म्हणाल्या, "लोकांची वाट पाहिली असती तर मी आजही नागपुरात आलेल्या-गेलेल्याला चहाच देत असती, वहिनी. मी शिकली, मी केलं, मला येते. मग मी सांगणारच." मी उठून चहा टाकला.

आमची गळती त्यांनी कशी शोधली ते ऐका. चहा पिऊन त्या सरळ निघून गेल्या. डागाला हात लावला नाही, फोटो काढला नाही. मी ह्यांना म्हटलं, झालं, आणखी एक नमुना. दोन दिवसांनी सकाळपासून पाऊस लागला. असल्या पावसात इथले कारागीर फोन उचलत नाहीत. खालून गार्डचा फोन आला, "मॅडम, तुमची कोणी ओळखीची बाई छत्री घेऊन इमारतीभोवती फिरतेय आणि पाइपांना हात लावतेय. पोलिसांना बोलवू का?" मी धावत खाली गेले. मेश्रामबाई भिंतीवरून उतरणाऱ्या प्रत्येक पाइपाला तळवा लावून, डोळे मिटून उभ्या राहत होत्या. नाडी बघणाऱ्या वैद्यासारख्या, पण निम्म्या भिजलेल्या.

"या, इकडे हात लावा," त्या म्हणाल्या. मी लावला. पाइप आतून थरथरत होता. "आता याला लावा." तो कोपऱ्यातला, आमच्या खोलीच्या बाजूचा. गप्प. इतक्या पावसात ढिम्म. "वरून पाणी येऊनच नाही राहिलं. म्हणजे वर अडलं. अडलं म्हणजे पन्हळ भरली, भरली म्हणजे आतल्या बाजूने सांडली. डाग तुमच्या भिंतीवर आहे, पण बिमारी तिथे नाही."

वर पाइपाच्या तोंडाशी साळुंकीचं रिकामं घरटं निघालं. काड्या, दोऱ्या, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा आणि आमच्याच दोरीवरून गेलेला सईचा एक मोजा. ते काढलं आणि आमची खोली सुकली. व्यवस्थापनाने ज्या कंत्राटदाराला आधी बोलावलं होतं, तो अख्ख्या छपराला रबरी लेप द्या म्हणत होता. मेश्रामबाईंनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "गळतं कुठे?" तो म्हणाला, "सगळीकडेच." त्या म्हणाल्या, "सगळीकडे म्हणणाऱ्याने कुठेच पाहिलेलं नसते." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तेव्हापासून त्या आमच्या घरच्याच झाल्या. रविवारी यायच्या, आमच्या खिडकीच्या कठड्यावर कुरडया वाळत घालायच्या. सिंगापुरात कुरडया! आठवडाभर त्या ओल्याच राहायच्या आणि शेवटी आम्ही त्यांची भाजी करून खायचो. "नागपूरच्या उन्हात दुपारी टाकल्या की चहापर्यंत कडक," असं त्या दर वेळी म्हणायच्या आणि पुढच्या महिन्यात परत चीक घेऊन हजर व्हायच्या. हार मानणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता.

आता तान अंकल.

तान अंकल आमच्या समोरच्या दारात राहायचे. चिनी गृहस्थ, ऐंशीच्या घरातले, सडपातळ, इस्त्रीची अर्धी चड्डी आणि पांढरा बनियन. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. घर इतकं लख्ख की आपल्या पायांची लाज वाटावी. त्यांची मुलगी ग्रेस नवरा-मुलांबरोबर पासिर रिसला राहायची, पार दुसऱ्या टोकाला. दर शनिवारी डबे घेऊन यायची. ग्रेस वाईट मुलगी नव्हती, हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तिचा राग येईल.

अंकल पुढच्या डिसेंबरात सांगायला लागले की त्यांच्या बैठकीच्या छतातून पाणी पडतं. त्यात काय, डिसेंबरात सगळ्यांचीच छतं गळतात. पण अंकल म्हणायचे, पावसात नाही पडत. "रेन टाइम, ओके. रेन स्टॉप, सन कम आऊट, देन वॉटर कम." पाऊस थांबला, ऊन पडलं, की मग.

ग्रेसने आधी हसण्यावारी नेलं. मग तिला भीती वाटायला लागली. त्यांच्या बैठकीचं छत गडद लाकडी फळ्यांचं, त्यावर डाग दिसत नव्हता. फरशीवर थेंब नसायचा, कारण थेंब पडला की अंकल लगेच पुसणार. एनॅमलच्या परातीत पाणी साठवून त्यांनी तिला दाखवलं, तर तिला वाटलं पप्पांनी नळाखालीच भरली. मी दिवसभर अलेक्झांड्रा भागातल्या ऑफिसात, म्हणून दुपारी मी कधी घरात नसायचे. एका रविवारी अंकलनी हाक मारली, पण माझा हात भिजवलेल्या कणकेत. हात धुऊन जाईपर्यंत थेंब बंद. मी वर बघितलं, अंकलनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मे बी, अंकल." ते फडकं घेऊन फरशी पुसायला लागले.

ग्रेसने मला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. तिच्या सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं, नसलेल्या गोष्टी दिसण्यापासून. मग एक दिवस सासऱ्यांच्या हातून गॅस चालू राहिला. तिला पप्पांना एकटं ठेवायचं नव्हतं. तिच्या घरी जागा नव्हती, म्हणून तिने एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. "छप्पर खरंच गळत असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. राहू दे त्यांना इथेच. पण गळत नसेल, तर मला डोळे मिटून बसता येणार नाही," ती म्हणाली आणि रडली. अंकलना हे सगळं ठाऊक होतं. त्यांच्यासमोरच ठरलं होतं. म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाचं स्वतःच्या घरात राहणं त्या छपरावर येऊन ठेपलं होतं.

मी छाती पुढे काढून म्हटलं, "आमच्या मेश्राममॅडमना बोलावते. त्या सांगतील ते खरं."

मेश्रामबाई आल्या. सकाळीच आल्या, त्या कायम सकाळीच यायच्या. त्यांची पद्धत ठरलेली. पाण्याची नळी घेऊन खालून सुरुवात करायची. आधी भिंत, मग भिंतीची कड, मग पन्हळ, मग कौलं. एकेका जागी पाणी सोडून वाट बघायची, मगच वर सरकायचं. "वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून खाली येते, मग कोणाला पकडणार?" कमरेला पट्टा बांधून त्या छपराच्या कडेला, आणि खाली अंकल छताकडे नजर लावून. पन्हळ काठोकाठ भरली. थेंब नाही. कौलांवर पाणी सोडलं. थेंब नाही. सगळं आवरून त्या खाली आल्या आणि ग्रेसला म्हणाल्या, "द रूफ इज साउंड." छप्पर ठणठणीत आहे.

अंकल म्हणाले, "मॉर्निंग नो. आफ्टरनून."

मेश्रामबाई मायेने हसल्या. त्या हसण्याचं मला नंतर फार वाईट वाटलं, आणि त्यांना माझ्याहून जास्त. "अंकल, छपराला सकाळ-दुपार नसते," त्या म्हणाल्या.

अंकल उठले, आतून मोठा टॉवेल आणला, त्यांना हात पुसायला दिला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या शनिवारपासून ग्रेस खोकी आणायला लागली.  अंकल स्वतःच कपडे घड्या घालून खोक्यात ठेवत होते, तेही इस्त्री करून. एकेक वस्तू शेजाऱ्यांना वाटत होते. झाडं खालच्या मजल्यावर गेली, रेडिओ गार्डला गेला. आमच्या दारात येऊन त्यांनी ती एनॅमलची परात माझ्या हातात ठेवली. "यू टेक. आय नो नीड." मी घेतली.  नेऊन सिंकखाली ठेवली.

रविवारी मेश्रामबाई कुरडयांचा चीक घेऊन आल्या. पातेलं मोठं होतं, खाली ठेवायला काहीतरी द्या म्हणाल्या. मी ती परात काढून दिली. त्यांनी ती उचलली आणि चीक तसाच राहिला. परात खिडकीपाशी नेली, आतल्या कडेवरून नखाने खरवडलं, नखावरचं बघितलं, वास घेतला.

"ही कोणाची?"

"तान अंकलची. त्यात ते..."

"वहिनी, हे शेवाळ आहे. हा कौलाचा चुरा आहे, लाल. नळाच्या पाण्यात कौलाचा चुरा येते का कधी?"

 मग मेश्रामबाई खुर्चीत मटकन बसल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. "मी चुकली," त्या म्हणाल्या. "बाप्पा! त्या माणसाने मला सांगितलं, दुपारी. सरळ सांगितलं. झोपणाऱ्याला विचारा म्हणून मी दुनियेला शिकवते, अन् त्याने सांगितलं तर मी हसली."

"पण तुम्ही तर सगळं तपासलंत की."

"सकाळी! सकाळी तपासलं. वहिनी, मी तीस वर्षांत एकदाही दुपारी छपरावर चढली नाही. नागपुरात कोणी चढतच नाही. एप्रिल-मे महिन्यात अकरानंतर माणूस गच्चीवर दिसला तर लोक खालून ओरडतात, मरायचं आहे का म्हणून. सकाळी लवकर काम करा, ऊन चढलं की उतरा. बापाने शिकवलं, पहिल्या साहेबाने शिकवलं. इथे आली, तरी तेच. इथे कोणी मरत नाही दुपारी. पण माझं अंग चढतच नाही. दुपारचं छप्पर कसं असते, हे मला माहीतच नाही!"

आता सांगा, ही चूक दुसऱ्या कोणाची झाली असती? नागपूरच्या माणसाचीच होऊ शकते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते न पिता फोन उचलला आणि ग्रेसला सांगितलं, "डोन्ट मूव्ह युवर फादर. आय मेड अ मिस्टेक." मी तिथेच उभी होते. आवाज खाली नाही, सारवासारव नाही, पण-बिण काही नाही. मला येते, हे ज्या आवाजात सांगायच्या त्याच आवाजात मी चुकली हेही सांगितलं.

ग्रेस थोडी चिडली. इतके दिवस मन घट्ट करून ठरवलेलं आता परत उसवायचं? पण ती यायला तयार झाली.

मग आम्ही उन्हाची वाट बघत बसलो. आयुष्यात सिंगापूरच्या उन्हाला मी शिव्याच घातल्या होत्या, त्या आठवड्यात मात्र नवस बोलायची वेळ आली. रोज झिमझिम, रोज ढग. वृद्धाश्रमातली खोली अडवून ठेवता येणार नव्हती, तिथून ग्रेसला फोन येत होते. शेवटी एका सकाळी पाऊस थांबला, ढग फाटले आणि मी ऑफिसात पोट दुखतंय असं धडधडीत खोटं सांगून घरी थांबले.

मेश्रामबाई भर दुपारी आल्या. टोपीखाली ओला पंचा, चेहरा घाबराघुबरा. कमरेचा पट्टा त्यांनी दोनदा सोडून पुन्हा आवळला. उंचीची भीती त्यांना नव्हती, उन्हाची होती. "वहिनी, मला काही झालं तर मिस्टरांना सांगा, बायको दुपारी छपरावर होती. त्यांचा विश्वास बसणार नाही," असं म्हणून त्या चढल्या.

खाली बैठकीत ग्रेस, इमारतीचे मॅनेजर आणि मी, तिघंही मान वर करून. अंकल मात्र त्यांच्या वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. त्यांनी वर बघितलंच नाही. सभोवार बांधलेली खोकी. पन्हळीत रात्रीच्या पावसाचं पाणी तसंच उभं होतं, मेश्रामबाईंनी वरून तसं ओरडून सांगितलं. ऊन आलं. गेलं. मॅनेजरने घड्याळ बघितलं. ग्रेस ओठ चावत होती. परत ऊन आलं आणि या वेळी राहिलं. बराच वेळ काही नाही. माझी मान भरून आली होती.

मग छताच्या वर कुठेतरी पत्र्याचा आवाज झाला. टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक.

अंकलनी पान उलटलं आणि वर न बघता म्हणाले, "नाऊ."

फळ्यांच्या फटीतून थेंब पडला. मग दुसरा. ग्रेसने पुढे होऊन हात पसरला. तिसरा तिच्या तळव्यावर पडला. त्यात बारीक लाल कण होते. ती तळव्याकडे बघत राहिली आणि मग तिथेच, त्या खोक्यांच्या मधे, लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. "सॉरी, पप्पा." अंकलनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं आणि फरशी पुसायला फडकं आणायला गेले.

मेश्रामबाई खाली आल्या त्या लालबुंद होऊन, घामाने निथळत. त्यांनी सांगितलं ते मला पाठ आहे. पन्हळीचा पत्रा दोन्ही टोकांना सिमेंटात पक्का चिणलेला. उन्हात पत्रा तापतो, लांब होतो, पण जायला जागा नाही, म्हणून मधे उचलला जातो. उभं पाणी टोकाकडे सरकतं आणि टोकाचा सांधा, जो थंड असताना घट्ट मिटलेला असतो, तो त्याच वेळी तापून उघडतो. ढग आले की परत मिटतो. इतर महिन्यांत राहिलेलं पाणी सकाळच्या उन्हात आटून जातं. डिसेंबरात ते दिवसचे दिवस उभं राहतं आणि मग एखाद्या दुपारी ऊन पडतं.

एवढं सांगून त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. सगळे त्यांचं कौतुकच करत होते. मॅनेजर तर हात हलवून हलवून अभिनंदन करत होता. पण त्यांनी त्याचा हात सोडला, अंकलच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "अंकलनी मला बरोबर सांगितलं होतं. मी म्हटलं छप्पर ठणठणीत आहे. मी चूक होती, ते बरोबर होते. माझ्या रिपोर्टातही हेच पहिलं वाक्य असेल."

अंकलनी आपली वेताची खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "यू व्हेरी रेड. सिट. ड्रिंक बार्ली वॉटर."

 खोटं कशाला सांगू? मला त्या क्षणी त्या बाईचा इतका अभिमान वाटला की वाटलं खिडकी उघडून अख्ख्या बुकित तिमाहला ओरडून सांगावं, ही आमची आहे. बरोबर असणारी माणसं मी खूप बघितली, आमच्या घरात तर सगळेच कायम बरोबर असतात. आपली चूक इतक्या ताठ मानेने सांगणारं माणूस मी हे एकच बघितलं.

पन्हळीचा सांधा बदलला, पत्र्याला टोकाला सरकायला जागा ठेवली. खोकी उघडली. चिनी नववर्षाच्या जेवणाला अंकलनी मेश्रामबाईंना आणि आम्हाला बोलावलं. टेबलभर माणसं लांब काड्यांनी कच्च्या मासळीचं आणि भाज्यांचं ते कोशिंबिरीसारखं प्रकरण शकुन म्हणून उंच उडवत होती, मेश्रामबाईंनी ते अशा जोशात उडवलं की गाजराचा कीस ग्रेसच्या नवऱ्याच्या चष्म्यावर गेला. अंकल हसले. मी त्यांना हसताना प्रथमच बघत होते.

मेश्रामबाई त्यानंतर काही वर्षं सिंगापुरात होत्या. दुपारी छपरावर चढायला लागल्या आणि आल्या-गेल्याला अभिमानाने सांगायच्या. मग मिस्टर निवृत्त झाले आणि त्यांनी नागपूरला परत जायचं ठरवलं.

त्यांना शेवटचं बघितलं ते निघायच्या दिवशी. विमानतळावर जाता जाता त्या आमच्याकडे निरोप घ्यायला थांबल्या. खाली टॅक्सी उभी, मीटर चालू, डिकीत दोन मोठ्या बॅगा. शनिवारची दुपार होती, ग्रेसही आली होती. आम्ही तिघी जिन्यात उभ्या असताना ग्रेस हळूच म्हणाली, "मॅडम, एक विचारू? पप्पा हल्ली खरंच विसरायला लागलेत. डॉक्टरांनीही सांगितलं. आणि आता म्हणतात, संध्याकाळी बेडरूमच्या भिंतीच्या आत शिलाई मशीन चालल्याचा आवाज येतो. आईचं मशीन होतं, ते आम्ही केव्हाच देऊन टाकलं. हे तरी... हे तरी खरं नसणार ना?"

मला वाटलं, आता मेश्रामबाई तिच्या पाठीवर हात ठेवतील आणि चार समजुतीच्या गोष्टी सांगतील. माझ्याही जिभेवर तेच होतं. त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, बूट काढले आणि आत गेल्या.

मी मागोमाग गेले. अंकल पलंगावर बसले होते. त्यांनी मेश्रामबाईंना बायकोच्या नावाने हाक मारली. बाईंनी दुरुस्त केलं नाही. "कुठे, अंकल?" त्यांनी विचारलं. अंकलनी उठून भिंतीवरची जागा दाखवली. मेश्रामबाईंनी तिथे तळवा टेकवला, मग केस मागे सारून कान लावला. शेजारी अंकलनीही लावला. दोघं एकमेकांकडे तोंड करून भिंतीला चिकटून उभी. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मी कान टवकारून ऐकत होते, आणि खरं सांगते, मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"यू हिअर?" अंकलनी विचारलं.

मेश्रामबाईंनी डोळे मिटून घेतले होते. "नॉट येट, अंकल," त्या म्हणाल्या. "आपण थोडं थांबू."

ग्रेस दारात उभी होती. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, आत आली आणि वडिलांच्या शेजारी भिंतीला कान लावून उभी राहिली.